एबी फॉर्मवर मतदाराची सही कुठे आहे?

सातिवली, (खास प्रतिनिधी)

निवडणूक म्हणजे मतदानाचा दिवस, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः निवडणुकीचे दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात रिंगणात कोण उतरणार हे ठरते आणि दुसऱ्या टप्प्यात त्यांपैकी एकाची निवड होते. दुसरा टप्पा मतदाराचा असतो. पहिला टप्पा मात्र मुंबईतील बंगल्यांत, दिल्लीतील संसदीय मंडळांच्या बैठकांत किंवा स्थानिक नेत्याच्या दिवाणखान्यात पार पडतो. अमेरिकेत अध्यक्षपदासाठीच्या प्राथमिक निवडणुकांचा, म्हणजे 'प्रायमरी'चा हंगाम आला की आपल्याकडील वाहिन्या त्या तपशिलाने दाखवितात. आयोवात कोण पुढे, न्यू हॅम्पशायरमध्ये कोण मागे याची चर्चा वसईच्या लोकलमध्येही होते. परंतु या चर्चेतून स्वाभाविकपणे निघणारा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तेथील मतदार उमेदवार ठरवितो. मग आपला उमेदवार आपण का ठरवीत नाही?

प्रस्तुत प्रतिनिधी सातिवलीचा मतदार आहे. पुढील विवेचनातील घटना सार्वजनिक नोंदीतील आहेत. त्यांवरील मते मात्र एका मतदाराची आहेत आणि ती त्याच दृष्टीने वाचावीत.

सातिवली हे वसई पूर्वेला, तुंगारेश्वरच्या डोंगराकडील बाजूचे गाव. वालीव, गोखिवरे आणि सातिवली हा सारा पट्टा आता औद्योगिक गाळ्यांनी भरलेला आहे. मूळचे गावकरी, पाड्यांवरील आदिवासी, कोकण-घाटावरून आलेली कुटुंबे आणि उत्तरेकडून आलेला कामगार अशी येथील वस्ती संमिश्र आहे. पाणी, रस्ता, सांडपाणी आणि गाळ्यांतील कामगारांची सुरक्षितता हे येथील रोजचे प्रश्न. ते सोडविण्यासाठी कोणाला पाठवायचे, याचे मत देण्याचा अधिकार या वस्तीला आहे. ज्यांच्यातून निवडायचे ती नावे कोणी सुचवायची, हा अधिकार मात्र तिला नाही.

एका मतदारसंघाची कहाणी

हा फरक किती मोठा आहे, हे पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. सातिवली ज्या पालघर लोकसभा मतदारसंघात येते, त्याचाच अलीकडचा इतिहास पुरेसा आहे. अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेला हा मतदारसंघ फेररचनेनंतर अस्तित्वात आला. २००९ मध्ये बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव येथून निवडून आले, तर २०१४ मध्ये भाजपचे चिंतामण वनगा. वनगा यांचे जानेवारी २०१८ मध्ये निधन झाले आणि त्याच वर्षी २८ मे रोजी पोटनिवडणूक झाली. येथून पुढचा क्रम मतदाराने लक्षपूर्वक वाचावा असा आहे.

पोटनिवडणुकीत दिवंगत खासदारांचे पुत्र श्रीनिवास वनगा हे भाजपचे उमेदवार असतील, असे अनेकांनी गृहीत धरले होते. वनगा कुटुंब शिवसेनेकडे गेले आणि श्रीनिवास शिवसेनेचे उमेदवार झाले. भाजपने काँग्रेसचे माजी राज्यमंत्री राजेंद्र गावित यांना पक्षात घेऊन उमेदवारी दिली. राज्याच्या सत्तेत एकत्र असलेले दोन पक्ष परस्परांविरुद्ध तुटून पडले. गावित २९,५७२ मतांनी विजयी झाले.

वर्षही लोटले नाही तोच २०१९ ची सार्वत्रिक निवडणूक आली. युतीच्या वाटाघाटींत पालघरची जागा शिवसेनेकडे गेली आणि जागेबरोबर खासदारही गेले. आदल्या वर्षी कमळावर निवडून आलेले गावित धनुष्यबाण घेऊन उभे राहिले आणि विजयी झाले. शिवसेनेच्या ज्या कार्यकर्त्याने २०१८ च्या मे महिन्यात गावितांच्या विरोधात उन्हातान्हात प्रचार केला होता, त्याच्यावर २०१९ च्या एप्रिलमध्ये त्यांच्यासाठीच मते मागण्याची पाळी आली. श्रीनिवास वनगा यांना त्याच वर्षी पालघर विधानसभेची उमेदवारी मिळाली. त्यासाठी शिवसेनेचे विद्यमान आमदार अमित घोडा यांना थांबविण्यात आले.

२०२२ मध्ये शिवसेना फुटली. गावित आणि वनगा हे दोघेही एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेले. २०२४ च्या लोकसभेला महायुतीत पालघर पुन्हा भाजपकडे आले. विद्यमान खासदार गावित यांना वगळून दिवंगत मंत्री विष्णू सवरा यांचे पुत्र डॉ. हेमंत सवरा यांना उमेदवारी मिळाली व ते निवडून आले. गावित भाजपमध्ये परतले आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा शिंदे यांच्या शिवसेनेत जाऊन पालघर विधानसभेचे उमेदवार झाले. त्यासाठी यावेळी विद्यमान आमदार श्रीनिवास वनगा यांना थांबावे लागले. उमेदवारी नाकारली गेल्यावर वाहिन्यांच्या कॅमेऱ्यांसमोर त्यांना अश्रू आवरले नाहीत आणि त्यानंतर काही काळ ते कुटुंबाच्याही संपर्कात नव्हते. गावित ती निवडणूक जिंकले.

पालघर विधानसभा हा सातिवलीचा मतदारसंघ नव्हे, हे खरे. पण लोकसभेचा जो खेळ झाला, तो येथील मतदाराच्या मतावर झाला. सहा वर्षांतील या साऱ्या अदलाबदलीत मतदाराला एकदाही विचारले गेले नाही. गावित यांना दोष देण्याचा येथे हेतू नाही. मतदारांनी त्यांना पुनःपुन्हा निवडून दिले आहे आणि तो कौल मान्य केलाच पाहिजे. प्रश्न असा की, सवरा हवेत की गावित, वनगा हवेत की घोडा, हे त्या त्या पक्षाच्या मतदारानेच ठरविले असते तर काय झाले असते? याचे उत्तर कोणाजवळही नाही, कारण तसे विचारण्याची सोयच आपल्या व्यवस्थेत नाही.

'एबी' नावाचा कागद

आपल्याकडे उमेदवारीचे सारे सार दोन कागदांत आहे. पक्षाच्या वतीने उमेदवाराचे नाव कळविण्याचा अधिकार कोणाला आहे, हे सांगणारा 'ए' फॉर्म आणि त्या अधिकारी व्यक्तीने प्रत्यक्ष उमेदवाराचे नाव कळविणारा 'बी' फॉर्म. अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी दुपारी तीन वाजेपर्यंत हे दोन्ही कागद निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर पोहोचले तरच पक्षाचे चिन्ह मिळते. सही शाईचीच लागते. शिक्का चालत नाही. कायद्याने सहीची एवढी काळजी घेतली आहे. परंतु ती सही करण्यापूर्वी पक्षाने कोणाला विचारावे, सभासदांचे मत घ्यावे की नाही, याविषयी कायदा मौन बाळगतो.

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९-ए कलमानुसार पक्षांची नोंदणी होते. घटनेशी, समाजवाद, धर्मनिरपेक्षता व लोकशाहीशी निष्ठा राहील, असे पक्षाला लिहून द्यावे लागते. ही लोकशाही पक्षाच्या आतही असावी, अशी शिफारस न्या. जीवन रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने आपल्या १७० व्या अहवालात १९९९ मध्ये केली होती. ती कागदावरच राहिली. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये एक पाऊल पुढे टाकले. गुन्हे दाखल असलेल्या व्यक्तीला उमेदवारी दिल्यास तिचीच निवड का केली, याची कारणे पक्षाने जाहीर करावीत आणि केवळ 'निवडून येण्याची क्षमता' हे कारण पुरेसे मानू नये, असे न्यायालयाने बजावले. पण हा नियम गुन्हे दाखल असलेल्यांपुरता आहे. स्वच्छ चारित्र्याच्या दहा इच्छुकांतून एकालाच का निवडले, हे सांगण्याचे बंधन कोणावरही नाही.

त्यात १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याची भर पडली. पक्षाचा आदेश मोडून मत दिले तर सदस्यत्व जाते. म्हणजे उमेदवारी देणारा पक्ष, ती नाकारणारा पक्ष आणि निवडून आल्यावर हात वर कसा करायचा हे सांगणाराही पक्षच. अशा प्रतिनिधीने सातिवलीतील रस्त्याकडे पाहावे की वरच्या मजल्याकडे? माणूस ज्याच्यामुळे पदावर बसतो त्याच्याकडे पाहतो, हा व्यवहार आहे. मतदार पाच वर्षांनी एकदा हिशेब मागतो; तिकीट देणारा रोज मागू शकतो.

घराण्यांचा सोपा रस्ता

या पद्धतीचा एक परिणाम आपल्या परिसरात ठळकपणे दिसतो. सवरा आणि वनगा यांचा उल्लेख वर आलाच. वसईत अनेक वर्षे हितेंद्र ठाकूर आणि नालासोपाऱ्यात २००९ पासून त्यांचे पुत्र क्षितिज ठाकूर आमदार होते. २०२४ मध्ये दोघेही पराभूत झाले. वसईत हितेंद्र ठाकूर यांचा थोड्या मतांनी पराभव करणाऱ्या भाजपच्या स्नेहा दुबे-पंडित या माजी आमदार विवेक पंडित यांच्या कन्या आहेत. यांतील कोणाच्याही कर्तृत्वाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र जेथे इच्छुकांची उघड परीक्षा होत नाही, तेथे आडनाव हेच सर्वांत खात्रीचे प्रमाणपत्र ठरते. पक्षाला धोका नको असतो; ओळखीच्या नावात तो कमी असतो.

प्रायमरीने घराणेशाही संपते असे मुळीच नाही. अमेरिकेतही बुश आणि क्लिंटन ही आडनावे आहेतच. तेथे फरक एवढाच की, आडनावाचा पराभव पक्षाच्या आतच होऊ शकतो. २००८ मध्ये हिलरी क्लिंटन यांची उमेदवारी निश्चित मानली जात होती. ३ जानेवारीला आयोवातून सुरू झालेली ती झुंज जूनपर्यंत चालली आणि सिनेटमध्ये पहिलीच कारकीर्द करणारे बराक ओबामा उमेदवार ठरले. २०१६ मध्ये एका अध्यक्षाचे पुत्र व दुसऱ्याचे बंधू असलेले जेब बुश पैसा आणि पाठबळ असूनही प्रारंभीच गारद झाले.

अमेरिकेलाही हे आयते मिळाले नाही

प्रायमरी ही अमेरिकेची जन्मजात देणगी आहे, असा आपला समज असतो. तसे नाही. १९६८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने शिकागोच्या अधिवेशनात ह्यूबर्ट हम्फ्री यांना उमेदवारी दिली. त्यांनी एकही प्रायमरी लढविली नव्हती. व्हिएतनाम युद्धाने चिडलेले तरुण रस्त्यावर होते, आत पक्षाचे पुढारी नाव ठरवीत होते आणि बाहेर पोलिसांच्या लाठ्या चालत होत्या. हम्फ्री निवडणूक हरले. त्यानंतर मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोगाने नियम बदलले आणि १९७२ पासून उमेदवारीचा निर्णय खऱ्या अर्थाने प्रायमरीतील मतदाराकडे आला. पुढाऱ्यांनी तो उदारपणे दिला नाही. पराभवाने त्यांना तो द्यायला लावला.

आणि तोही पूर्ण सुरक्षित आहे असे नाही. २०२४ मध्ये ज्यो बायडेन यांनी प्रायमरी जिंकल्या होत्या. २१ जुलैला त्यांनी माघार घेतली आणि कमला हॅरिस उमेदवार झाल्या. त्यांच्या नावावर त्या वर्षी प्रायमरीतील मतदाराने मत दिलेले नव्हते. दुसऱ्या बाजूला २०१६ मध्ये पक्षातील बहुतांश ज्येष्ठांच्या इच्छेविरुद्ध डोनाल्ड ट्रम्प रिपब्लिकन उमेदवार झाले. मतदाराच्या हाती किल्ली दिली की तो कोणते दार उघडेल, याचा भरवसा पुढाऱ्यांना राहत नाही. आपल्या पक्षांना नेमकी याचीच धास्ती असावी.

बेळगावचा माणूस, मिशिगनची प्रायमरी

मराठी वाचकाला हा विषय जवळचा वाटावा असे एक उदाहरण आहे. 'ही श्रीची इच्छा' या आत्मकथनामुळे मराठी घरांत परिचित असलेले श्री ठाणेदार हे चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले. १९७९ मध्ये ते अमेरिकेला गेले, रसायन क्षेत्रात उद्योजक झाले, मंदीत सर्वस्व गमावून पुन्हा उभे राहिले. २०१८ मध्ये त्यांनी मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरी लढविली. तोवर त्यांनी कोणतेही निवडून आलेले पद भूषविले नव्हते. ग्रेचेन व्हिटमर जिंकल्या, ठाणेदार तिसरे आले. २०२० मध्ये ते राज्याच्या प्रतिनिधिगृहात निवडून आले आणि २०२२ मध्ये डेट्रॉइटचा बराच भाग असलेल्या मतदारसंघातून काँग्रेससाठीची प्रायमरी त्यांनी जिंकली. जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी शपथ घेतली.

या उदाहरणाकडे केवळ अभिमानाने पाहून चालणार नाही. प्रायमरी नसती तर परक्या उच्चाराचा, पक्षात मुळे नसलेला स्थलांतरित तेथवर पोहोचला नसता, हे खरे. मिशिगनमध्ये पक्षाचे सदस्यत्वही लागत नाही. कोणताही मतदार कोणत्याही एका पक्षाच्या प्रायमरीत मत देऊ शकतो. परंतु २०१८ च्या प्रचारात ठाणेदार यांनी स्वतःचे सुमारे एक कोटी डॉलर ओतले होते आणि २०२२ मध्येही मोठा खर्च स्वतःच्याच खिशातून केला. त्या प्रायमरीत अनेक उमेदवारांत मते विभागली गेल्याने तीस टक्क्यांहूनही कमी मतांवर ते जिंकले. कृष्णवर्णीयांचे प्राबल्य असलेल्या डेट्रॉइटला सुमारे सात दशकांत प्रथमच काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही आणि त्याची खंत तेथे उघडपणे व्यक्त झाली. दार उघडे ठेवले की नवखा आत येतो. त्याचबरोबर पैसेवाला नवखा आधी येतो. आपल्याकडे प्रायमरी आली तर जमीन आणि बांधकामाच्या पैशाने वाढलेल्या वसई-विरारमध्ये तिचे काय होईल, याचा विचार आधीच केलेला बरा.

वर्ध्याचा आणि लातूरचा धडा

महाराष्ट्रात हा प्रयोग झालाच नाही असेही नाही. २०१४ च्या लोकसभेपूर्वी राहुल गांधी यांच्या पुढाकाराने काँग्रेसने देशातील मोजक्या मतदारसंघांत प्रायमरी घेतली. राज्यातील वर्धा आणि लातूर ही त्यांतील नावे. वर्ध्यात तत्कालीन खासदार दत्ता मेघे यांचे पुत्र सागर मेघे यांनी माजी प्रदेशाध्यक्ष प्रभा राव यांच्या कन्या चारुलता टोकस यांचा पराभव केला. लातुरात दत्तात्रय बनसोडे यांची निवड झाली. निवडणुकीत दोघेही दोन लाखांहून अधिक मतांनी पराभूत झाले. काही महिन्यांतच मेघे पितापुत्र भाजपमध्ये दाखल झाले. प्रयोग तेथेच थांबला.

प्रायमरी आपल्याकडे चालत नाही, असा निष्कर्ष त्यावरून काढला गेला. या मतदाराला तो मान्य नाही. त्या वर्षी देशभर काँग्रेसची जी वाताहत झाली तीत कोणत्याही पद्धतीने निवडलेला उमेदवार तरला नसता. प्रयोगाचा खरा दोष अन्यत्र होता. वर्ध्यात मत कोणाला होते? पक्षाचे पदाधिकारी, प्रतिनिधी आणि निवडून आलेले सदस्य यांना. सामान्य सभासद आणि मतदार बाहेरच होता. पदाधिकाऱ्यांची वर्तुळे ज्याने वर्षानुवर्षे जोपासली, तोच अशा मतदानात जिंकणार. म्हणूनच लढत झाली तीही खासदारपुत्र आणि प्रदेशाध्यक्षांची कन्या यांच्यात. मुदपाकखाना तोच राहिला, फक्त वाढपी चार जास्त आले.

मतदाराचे भय

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती सातिवलीसारख्या वस्तीतच नीट कळते. अमेरिकेतील अनेक राज्यांत मतदार आपण कोणत्या पक्षाचे आहोत, हे सरकारी नोंदीत लिहून देतो. येथे तसे लिहून देणे सोपे नाही. ज्याच्या गाळ्याचा परवाना, चाळीतील नळजोडणी किंवा पाण्याचा टँकर स्थानिक पुढाऱ्याच्या शब्दावर अवलंबून आहे, तो आपली पसंती चारचौघांत सांगणार नाही. गुप्त मतदान हेच त्याचे एकमेव कवच आहे. प्रायमरीच्या नावाखाली ते काढून घेतले तर लाभापेक्षा हानी अधिक. म्हणून जी काही पद्धत यावी, तीत मत गुप्त असणे ही पहिली अट असली पाहिजे.

या मतदाराला दुसऱ्या टप्प्यातील आपल्या अधिकाराची किंमत कमी लेखायची नाही. वसई-विरार महापालिकेतील लोकनियुक्त सदस्यांची मुदत २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षे प्रशासकाचा कारभार चालला. नगरसेवक नसण्याचा अर्थ काय, हे त्या काळात पाण्यासाठी आणि गटारासाठी दार ठोठावणाऱ्या प्रत्येकाला कळले. अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले आणि २०२४ मध्ये विधानसभेला नाकारलेल्या बहुजन विकास आघाडीला मतदारांनी महापालिकेत पुन्हा बहुमत दिले. मतदार विचार करून मत देतो, एकाच शिक्क्याला जन्मभर बांधलेला नसतो, हे त्याने चौदा महिन्यांत दाखवून दिले. पण त्या निवडणुकीतही राज्यात अनेक ठिकाणी एबी फॉर्म शेवटच्या दिवसापर्यंत पक्षांनी मुठीत ठेवले होते. बंडखोरी टाळण्याची ही युक्ती असते. तिचा अर्थ असा की, आपला उमेदवार कोण, हे मतदाराला प्रचाराच्या तोंडावर कळते.

चार मागण्या

अमेरिकेची पद्धत जशीच्या तशी उचलून आणावी, असे म्हणण्यात अर्थ नाही. आपली पद्धत संसदीय आहे, पक्ष अनेक आहेत आणि आघाड्यांत जागा बदलत राहतात. तथापि, चार गोष्टी कायदा न बदलताही पक्ष करू शकतात. पहिली, उमेदवारीसाठी अर्ज केलेल्या सर्वांची यादी जाहीर करावी. दुसरी, त्या इच्छुकांना मतदारसंघातच एका व्यासपीठावर आणून लोकांचे प्रश्न घेऊ द्यावेत. तिसरी, पक्षाच्या नोंदणीकृत सभासदांचे गुप्त मतदान घ्यावे आणि पक्षश्रेष्ठींना त्या कौलाविरुद्ध जायचे असेल तर कारण लेखी द्यावे. चौथी, आघाडीत जागा कोणत्याही पक्षाला जावो, उमेदवाराचे नाव अर्ज भरण्याच्या किमान महिनाभर आधी जाहीर व्हावे.

यांतील एकाही गोष्टीला डॉलर लागत नाहीत. पक्षांना त्यासाठी एकच वस्तू सोडावी लागेल, ती म्हणजे शेवटच्या क्षणापर्यंत नाव मुठीत ठेवण्याची सत्ता. ती कोणी आपण होऊन सोडत नाही, हे शिकागोने दाखविले आहे. परंतु सहा वर्षांत एकाच माणसाला कधी कमळावर, कधी धनुष्यबाणावर मत देण्याची पाळी ज्याच्यावर आली, त्या पालघरच्या मतदाराने तरी पुढील निवडणुकीत दारी येणाऱ्या कार्यकर्त्याला उमेदवाराच्या कामाआधी एक प्रश्न विचारावा. या माणसाचे नाव कोणी, कोठे आणि कोणाला विचारून ठरविले? उत्तर मिळेपर्यंत पत्रक हातात घेऊ नये.